शेवटचं बिऱ्हाड

दुकानदाराने मीठ फळीवर ठेवलं, साबणाची वडी फळीवर ठेवली, आणि नेहमीसारखा मागे सरकून उभा राहिला. मग तिने ते उचललं. रोजचंच होतं. त्यात राग नाही, लोभ नाही. माणूस तसा गोड. "काय वहिनी, आज उशीर?" विचारायचा, पोरीची चौकशी करायचा, गुडघा धरला म्हटलं तर लेप कसा करायचा तेही सांगायचा. फक्त हाताला हात लागू द्यायचा नाही.

"ऐकलंत का," तो म्हणाला, "वखारीच्या ट्रकमधून आज नवं बिऱ्हाड येतंय. तुमच्याच मुलुखातलं."

तेल घ्यायला आलेल्या बाया गर्रकन वळल्या.

"सुटलीस गं बाई!"

"आता ती नवीन शेवटची! हिला आता काय म्हणायचं गं मग?"

आणि सगळ्या अशा खुशीत हसल्या, जसा काही हिच्याच घरी पाळणा हलला. तीही हसली. का नाही हसणार? ह्याच दिवसाकडे डोळे लावून बसली होती.

आता हे 'शेवटची' काय प्रकरण, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गाव एका जिवाचं. कुणाचं छप्पर वाऱ्याने उडालं तर तो हाक मारायच्या आत चारजण शिडी घेऊन हजर. कुणाची गाय अडली तर अर्धं गाव गोठ्यात. पण एक रीत होती. गावात माणूस मेलं, की त्याला आंघोळ घालणं, कपडे घालणं, ती खोली धुवून काढणं, हे घरच्यांनी करायचं नाही. गावात सगळ्यात शेवटी राहायला आलेल्या बिऱ्हाडाने करायचं. बाई गेली तर त्या घरच्या बाईने, पुरुष गेला तर पुरुषाने. आणि एकदा मढ्याला हात लागला, की तो हात मग कणकेला चालायचा नाही, तान्ह्या बाळाला चालायचा नाही, लग्नघरात तर नाहीच. त्या घरची पोरगी कुणी करायची नाही. कुठवर? तर आणखी नवं बिऱ्हाड येईस्तोवर. नव्यांनी पहिलं पाणी घातलं, की जुन्यांचे हात मोकळे. दुसऱ्याच दिवशी ते गावातले.

गावाला विचाराल तर गाव म्हणेल, आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही हो, बादली ज्याची त्याने आपल्या हाताने घ्यायची असते. आणि ते खोटं नव्हतं. सगळी मेख तिथेच तर होती.

ती आली तेव्हा पोटुशी होती. डोंगरापलीकडे त्यांच्या मुलुखात हाताला काम उरलं नव्हतं. नवरा इथल्या लाकडाच्या वखारीत करवतीवर लागला, गावाने त्याचं नाव करवत्या पाडलं. हिला गावची भाषा येत नव्हती. कुणी बोललं की ही हसायची, ही हसली की ते हसायचे, एवढंच काय ते संभाषण. थोड्याच दिवसांत एक म्हातारी गेली. सगळं गाव जमलं, म्हणून माणुसकीने हीही गेली. दारात दूधवाली काकू उभी होती. हातात वाफाळती बादली, डोळ्यांना धार. हिच्याकडे बघून काकू म्हणाली, "जरा धर गं." शब्द कळले नाहीत, खूण कळली. बाई रडते आहे, हातात ओझं आहे, डोळे पुसायला हात मोकळा नाही. कोण नाही म्हणेल? हिने धरली.

काकू बाजूला झाली. आणि सगळं अंगण एका दमात मागे सरकलं.

काय झालं ते तिला खरं कळलं बाळंतपणात. सुईण आली, पण उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून सांगत होती, असं कर, तसं कर. नाळ शेवटी नवऱ्याने कापली. करवत्याने! त्यावर गावाने वर्षानुवर्षं विनोद केले, आणि हे दोघंही त्यात हसले. न हसून जाणार कुठे?

त्या नाळेची पोरगी आता लग्नाची झाली होती. शिंप्याच्या मागच्या खोलीत बसून काजं करायची, दुमडी घालायची. हात असा सफाईचा, की लग्नाचे कपडे तिच्याकडेच यायचे. कपडे पुढच्या दाराने जायचे, पोरगी मागच्या. अंगाला तिचा टाका चालत होता, ती चालत नव्हती.

ट्रक दुपारी आला. एक पोरसवदा नवरा, तशीच त्याची बायको, कडेवर नाक गळणारी चिमुरडी, दोन गाठोडी, एक खाट. करवत्याने उडी मारून खाट खाली घेतली. त्याची छाती फुगली होती, कारण हे बिऱ्हाड त्यानेच आणलं होतं. गेली दोन-तीन वर्षं फोनवर फोन. ह्याच्या चुलत्याला विचार, त्याच्या साडूला विचार. काम आहे, खोली आहे, पाणी दारात आहे, माणसं देवमाणसं आहेत. सगळं खरं सांगायचा. एक तेवढं सांगायचा नाही.

तिने चहा केला आणि भिंतीपलीकडच्या त्यांच्या खोलीत घेऊन गेली. नव्या बाईने कप सरळ तिच्या हातातून घेतला. बोटं बोटांना लागली. गटागटा प्यायली आणि रिकामा कप परत हिच्याच हातात दिला. वर चिमुरडीला हिच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "ताई, हिला जरा बघ, मी गाठोडं सोडते."

तिला क्षणभर काय करावं सुचेना. स्वतःच्या लेकीशिवाय एवढंसं मूल तिने कधी मांडीवर घेतलं नव्हतं. ते मूल बिनधास्त तिच्या बाहीला नाक पुसत होतं.

"किती चांगली माणसं आहेत गं ताई इथली," नवी गाठ सोडता सोडता म्हणाली. त्यांच्या मुलुखाची भाषा, तोच हेल. "ट्रक येत होता तर सगळी दारात उभी राहून हसत होती आमच्याकडे बघून. आमच्याकडे कुत्रंसुद्धा बघत नाही नवीन माणसाकडे."

"हो," ती म्हणाली. "चांगली आहेत."

संध्याकाळी सुतारीण आली. आत नाही, कुंपणाशी. सुतारीण म्हणजे फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हे. तिचा मुलगा फळ्या न्यायला वखारीत यायचा, आणि करवत्याला डबा द्यायला पोरगी जायची. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

"हे बघ," सुतारीण म्हणाली, "पोराने माझं डोकं खाल्लंय. पोरगी तुझी सोन्यासारखी आहे, मी कधी नाही म्हटलंय? पण मला गावात राहायचंय. तिकडे पहिलं पाणी पडू दे त्या नवीच्या हातून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या घरात येऊन मागणी घालते. आणि चहा पण पिते, तुझ्या हातचा. मग तर झालं?"

"आणि ती?" हिच्या तोंडून निघून गेलं.

"कोण ती?"

"नवी. तिलाही पोरगी आहे."

"ती पोरगी शेंबडी आहे अजून. तोवर येईल की कुणी आणखी." सुतारीण हसली. "तुझं झालंच ना? दूधवालीचं झालं. सगळ्यांचं होतं."

घरात करवत्या रात्रीच्या जेवणाला बसला होता आणि लेक चुलीपाशी होती. दोघांनी कुंपणावरचं सगळं ऐकलं होतं. तिने ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि म्हणाली, "मी तिला सांगणार आहे."

करवत्याचा घास हातातच राहिला. "वेड लागलं का? कशासाठी आणलं मग त्यांना एवढं?"

"तेच म्हणते. कशासाठी आणलं?"

"आपल्याला कुणी सांगितलं होतं?"

"नाही ना सांगितलं. म्हणून तर."

लेक आजवर आईसमोर आवाज चढवणारी नव्हती. त्या वेळी चढवला. "सांगू नकोस आई. मला चांगलं व्हायचं नाहीये. मला त्या घरात जायचंय. पुढच्या दाराने. तू एवढी मढी धुतलीस, एकदा माझ्यासाठी गप्प बस."

ती गप्प बसली. आता हे मी का लपवू? ती बसली गप्प. आठवडे गेले. नवी रोज भिंतीपलीकडून हाक मारायची, हिच्या घरी येऊन कणीक मळू लागायची, मूल हिच्याकडे टाकून धुणं धुवायला जायची. तिकडे करवत्या आणि नवीचा नवरा एकाच करवतीवर. ओंडका एकाने अलीकडून ढकलायचा, दुसऱ्याने पलीकडून ओढायचा. एकाची नजर हलली तर दुसऱ्याची बोटं जातात. दिवसभर समोरासमोर. करवत्याचं जेवण कमी झालं होतं. विचारलं तर म्हणायचा, भुसा जातो घशात.

आणि मग दूधवाली काकूने अंथरूण धरलं. ही भेटायला गेली, तर मोठ्या सुनेने बाहेरच थांबवलं, आजारी माणसाजवळ तुझं येणं बरं दिसत नाही म्हणून. ही खिडकीशी उभी राहिली. काकूने मान वळवली.

"आलीस? बादली घेऊन तर नाही ना आलीस गं?" काकूला अजूनही थट्टा सुचत होती. मग म्हणाली, "तुला जरा धर म्हणाले ना मी, ते खोटं रडत नव्हते बरं का. रडू खरं होतं."

"माहीत आहे काकू."

"पण परत तशी वेळ आली तर परत म्हणेन. माझ्या लेकीचं लग्न झालं त्याने." काकूने डोळे मिटले. "आता मला धुवायला तू येणार का ती पोर?"

ही खिडकीपासून मागे सरकली.

दोन दिवसांनी, सकाळच्या धारा काढायच्या वेळी, काकू गेली.

अंगण भरलं. गावातले थोरले, म्हणजे ज्यांचा शब्द चालायचा ते म्हातारे गृहस्थ, खुर्चीवर बसले होते. दोन सुना एका बाजूला रडत होत्या. पाणी तापलं, बादली भरली, आणि रीतीप्रमाणे ती हिच्या हातात आली. समोर नवी उभी. तिला काहीच ठाऊक नाही. डोळे पाणावलेले, मूल कडेवर. लोक आपोआप गोल करून उभे राहिले होते. सुतारीण पुढेच होती, मुलगा तिच्यामागे. लेक दूर शिंप्याच्या बायकोशेजारी.

"तुमच्या भाषेत सांग तिला," थोरले म्हणाले. "म्हणावं, घे."

काही सांगायची गरजच नव्हती. नवीने आपणहून मूल खाली ठेवलं आणि हात पुढे केले. "ताई, दे मी धरते. जड आहे."

तिने त्या हातांकडे बघितलं. मग लेकीकडे बघितलं. लेक ओठ चावत उभी होती.

"हात मागे घे," ती आपल्या भाषेत म्हणाली. "ही बादली धरलीस, तर ह्या गावचं प्रत्येक मढं तुझं. तुझ्या हातचं कुणी खाणार नाही. ह्या पोरीला कुणी दारात उभं करणार नाही. मला फसवून दिली होती. तुला आणलं ते ह्याच्याचसाठी. माझ्या नवऱ्याने आणलं, आणि मला माहीत होतं."

नवीचा चेहरा पांढरा पडला. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले, लहान मुलं नेतात तसे.

"काय सांगितलंस तिला?" थोरले उठले.

"खरं सांगितलं."

"बरं. मग आज तूच कर."

तिने बादली अंगणाच्या मधोमध खाली ठेवली. "नाही. मीही नाही. इथे दोन सुना आहेत, लेकीला निरोप गेलाय. जे हिचं दूध प्याले, त्यांनी हिला पाणी घालावं."

अंगणात कुजबुज उठली. मग आरडाओरडा. रीत म्हणजे काय गंमत आहे? खाल्ल्या घरचे वासे मोजते. नवऱ्याला वखारीतून काढा. हाकला गावातून.

"हाकला," ती म्हणाली. "आम्ही गेलो, हे गेले, तर मग शेवटी आलेलं घर कुणाचं राहील, तेवढं आधी ठरवून ठेवा."

प्रत्येकजण मनात मोजत होता, आपला आजा कधी आला, ह्याचा कधी आला. कारण खरं सांगायचं तर त्या गावातलं प्रत्येक घर कधीतरी कुठून तरी आलेलंच होतं.

"ए करवत्या," थोरले म्हणाले, "तुझी बायको आहे. सांग तिला."

करवत्या खाली मान घालून उभा होता. त्याने नवीच्या नवऱ्याकडे बघितलं. तो तर ह्याच्याकडे टक लावून बघत होता, थोरल्यांचं बोलणं समजत नसलं तरी हिचं सगळं समजलेला.

"नाही सांगत," करवत्या म्हणाला. "उद्या करवतीवर हा माझ्यासमोर उभा राहणार आहे. काढलंत तर काढा."

ऊन चढत गेलं. बादलीतलं पाणी गार झालं, पुन्हा तापवलं, पुन्हा गार झालं. कुणी हात लावेना. काकू आत जमिनीवर तशीच. माशा यायला लागल्या, तशी मोठी सून तोंड झाकून परसात गेली. दुपारी काकूची लेक सासरहून पोचली. गाडीतून उतरली ती धावतच आत, आणि आतून तिची किंकाळी आली. बाहेर येऊन ती सरळ हिच्या अंगावर धावली.

"माझ्या आईला असं टाकून ठेवलंत? तुझं काय वाकडं केलं होतं तिने?"

हिने तिचे हात धरले. अंगणात कुणीतरी श्वास आत ओढला. "तुझी आई माझ्याआधी हेच करत होती," ती म्हणाली. "तू लहान होतीस, तुला आठवत असेल. तुलाही कुणी खेळायला घेत नव्हतं. तिने माझ्या गळ्यात घातलं, तेव्हा तू सासरी गेलीस. मी तिला नावं ठेवत नाही. माझीही लेक उभी आहे तिथे. पण आज तुझ्या आईला तुझा हात लागू दे. परक्याचा पुष्कळ झाला."

काकूच्या लेकीने हात सोडवून घेतले नाहीत. मग अगदी हळू म्हणाली, "मला येत नाही."

"मी येते सोबत. मी सांगते तसं कर."

दोघी आत गेल्या. दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने धाकटी सून उठली, डोळे पुसले, आणि कुणाकडे न बघता तीही आत गेली. मोठी नाही गेली. सगळं काही एका दिवसात होत नाही.

त्या बाहेर आल्या तेव्हा सुतारीण अंगणात नव्हती. मुलाच्या दंडाला धरून घेऊन गेली होती. जाताना त्याने एकदा वळून बघितलं म्हणतात. वळून बघण्यापलीकडे काही केलं नाही.

हिची लेक आईशी बोलायची बंद झाली. घरातल्या घरात, एका खोलीत, शब्द नाही. काजं घरी आणून करायची, कारण शिंप्याने मागच्या दारानेही आत घेणं बंद केलं होतं. करवत्याला आणि नव्याला वखारीने काढलं नाही, ओंडके ओढायला माणसं मिळत नव्हती, पण जेवणाच्या सुट्टीत आता दोघंच बसायचे. दुकानदार मीठ फळीवरच ठेवायचा, आणि आता पोरीची चौकशीही करायचा नाही. ती रोज सकाळी त्याच रस्त्याने जायची, त्याच रस्त्याने यायची. सुटका झाली का? मला विचाराल तर नाही झाली. आधी ती गावच्या भिंतीआड होती, आता जरा आणखी आत ढकलली गेली. एवढंच की भिंतीआड तिने स्वतःहून आणखी कुणाला ओढलं नाही.

आणि तुम्ही हे वाचता वाचता म्हणत असाल, काय गाव तरी! तर तुमच्या गल्लीत शेवटचं कोण राहायला आलंय, त्याच्याकडे तुम्ही कुठली कामं सरकवली आहेत, आणि त्याच्या हातचा चहा कधी प्यायलात, तेवढं आठवून बघा. मग नावं ठेवू.

काकूचे दिवस सरले, त्यानंतरची गोष्ट. दुपारची वेळ होती. ती भाजी निवडत होती, लेक खुर्चीवर कपडे पसरून पाठ फिरवून शिवत होती. दारात गिरणीवाल्याची सून उभी. अंगावर पिठाचे पांढरे डाग. ह्यांच्या दारात ती उभ्या जन्मात आली नव्हती.

"सासूबाई आता वाचत नाहीत," ती म्हणाली. "आज-उद्या. घरचे म्हणतात, तिच्याकडे नाही, त्या नवीकडे जा, तिला दटाव. मी म्हटलं जाते. पण मी नवीकडे नाही जात." ती थांबली. "चौदाव्या वर्षी आले मी त्या घरात. त्यांनीच न्हाऊ घातलंय मला, आजारपणात. मला करायचंय त्यांचं. पण मला भीती वाटते."

"आत ये," ती म्हणाली.

बाई उंबरा ओलांडू की नको करत उभी राहिली. मग ओलांडला. पण आत बसायला जागा नव्हती. एक खुर्ची, आणि तिच्यावर लेकीचे कपडे.

लेक उठली. मांडीवरचं शिवण आणि खुर्चीवरचे कपडे उचलून तिने खाटेवर टाकले, आणि खुर्ची त्या बाईकडे सरकवली. आईकडे बघितलं नाही. पण चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

गिरणीवाल्याची सून खुर्चीच्या कडेवर टेकली. पिठाचे हात मांडीवर घट्ट धरून तिने विचारलं, "पाणी गरम घ्यायचं असतं की गार?"

"कोमट," ती म्हणाली. "तान्ह्या बाळाला घेतो ना, तेवढं."